दारावरचा कानखजुरा

कोर्लईचा कोंबडासुद्धा पोर्तुगीजमध्ये आरवतो, असं रेवदंड्याची माणसं म्हणतात. यात थोडी थट्टा आहे, थोडं खरंही आहे. किल्ला सोडून पोर्तुगीज गेले त्याला तीनशे वर्षं होत आली, पण जाताना ते आपली भाषा तिथेच विसरले. डोंगराच्या पायथ्याच्या त्या टीचभर गावानं ती उचलली, धुतली, मासळीबरोबर उन्हात वाळवली, वरून मराठीचा मसाला चोळला आणि आजतागायत जपून ठेवली. सेव्हरीन वेगास त्याच गावची. तिच्या आजोबांनी एकदा एका घोळ माशाला त्या भाषेत शिवी दिली आणि मासा लाजून आपल्या पायांनी होडीत आला, असं तिच्या घरी शपथेवर सांगायचे. माशाला पाय कुठले, असं विचारणाऱ्याला जेवायला वाढत नसत.

सेव्हरीनचा नवरा जहाजावर कामाला गेला आणि समुद्रानं त्याला ठेवून घेतलं. तेव्हा तिच्या पोटात पोर होतं. गावातल्या बायका म्हणाल्या, "तुला पोर्तुगीज येतं ना, मग रडत काय बसलीस? जा पोर्तुगालला. तिकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला कोणी मिळत नाही." ती गेली.

तिकडे किनाऱ्यावर एका कंपनीनं भिंत घालून नवं शहर वसवलं होतं. नोव्हा फोझ त्याचं नाव. भिंतीबाहेर उन्हाळ्यात रानं पेटायची, विहिरी तळाला जायच्या. भिंतीच्या आत मात्र नळाला गोडं पाणी, हाकेच्या अंतरावर डॉक्टर, मुलांना शाळा. साहजिकच सगळ्या जगाला आत यायचं होतं. कंपनीनं नियम केला, की आत कायमचं राहायचं असेल तर पोर्तुगीज ही जन्मापासूनची भाषा हवी. कागद कोणी विचारेना, कारण खोटे कागद करणारी यंत्रं इतकी पोचलेली होती की माणसाला स्वतःच्याच बारशाचा खोटा व्हिडिओ बघून रडू यायचं. म्हणून मग दारोदार एक नवं यंत्र बसलं. काळं, हातभर लांब, पोटाखाली बारक्या बारक्या मायक्रोफोनच्या दोन रांगा. कंपनीनं त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. कोर्लईच्या माणसांनी बघितल्याबरोबर त्याचं बारसं करून टाकलं. कानखजुरा.

त्याची करामत कळायला फार शिकावं लागत नाही. नळाखाली हंडा लावून बघावा. रिकामा असतो तेव्हा आवाज घुमतो, भरत आला की चढत जातो, आणि पाठ करून भांडी घासणाऱ्या बाईलाही समजतं की आता नळ बंद करायचा. पाणी तेच, नळ तोच. आतली पोकळी बदलली की आवाज बदलतो. माणसाचं तोंडही असाच एक हंडा. जीभ वर उचलली, खाली टेकली, पुढे सरकली, मागे गेली की पोकळीचा आकार बदलतो आणि निरनिराळे स्वर निघतात. शब्द पाठ करता येतात, व्याकरण घोकता येतं, पण कुठल्या स्वराला जीभ नेमकी किती उचलायची ते माणूस कुणाच्या तरी मांडीवर ऐकून ऐकून शिकतो, आणि मग विसरत नाही, कारण आपण शिकलो हेच त्याला माहीत नसतं. कानखजुरा प्रत्येक स्वरातला घुमार मोजायचा आणि पडद्यावर एकेक ठिपका टाकायचा. तिथल्या अस्सल माणसाचे ठिपके तिथल्या इतरांच्या ठिपक्यांत दाटीनं पडत आणि दारावर हिरवा दिवा लागे, परक्याचे बाजूला सांडत आणि दिवा लाल होई. तुम्ही काय बोलता याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शिवी द्या नाहीतर देवाचं नाव घ्या. शब्द त्याला कळतच नसत.

पोर्तुगालची माणसं बोलताना निम्मे स्वर दाताखालीच ठेवतात. कोर्लईच्या माणसाला हे कसं जमणार? किनाऱ्यावरून होडीपर्यंत हाक पोचवायची सवय. त्यांचे सगळे स्वर सताड उघडे, दुपारच्या घरासारखे.

"मी तोंड उघडलं रे उघडलं की दिवा असा लाल होतो," बेंतू म्हणाला, "जशी काय मी त्याला मागणीच घातली."

बेंतू हा सेव्हरीनचा चुलतभाऊ, तिच्या आधीपासून तिथल्या एका खानावळीत स्वयंपाकी. लाल दिव्याची माणसं फक्त कामाच्या पासावर आत राहत. पास संपला की बाहेर.

"हस तू," सेव्हरीन म्हणाली. "तुझ्या पोटात पोर नाही."

"आहे की. हे बघ," असं म्हणून त्यानं पोट पुढे काढलं. ती हसली नाही. दारातून जाताना तिनं कानखजुऱ्याकडे वर बघितलं आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला. हे पोर बाहेर येईल, बोलायला लागेल, आणि एक दिवस या दाराखाली उभं राहील. तेव्हा दिवा कुठला लागेल?

त्या भीतीनं तिच्यात घर केलं, आणि पुढचं सगळं त्या भीतीनंच केलं.

ती काम करायची दोना ग्रासिंदांकडे. दोना म्हणजे तिकडच्या बाईसाहेब. म्हातारी एके काळी रेडिओवर बातम्या सांगायची. हात कापायचे, डोळे गेले होते, पण बोलणं असं की एकेक शब्द इस्त्री करून घडी घालून ठेवलेला. इनेस जन्मली ती दोनाच्याच घरात. आणि पोर हुंकार द्यायला लागली त्या दिवशी सेव्हरीननं म्हातारीला सांगितलं, "आजपासून हिच्याशी तुम्ही बोला. मी नाही बोलणार."

"आईनं मुलीशी बोलायचं नाही, असं कुठे असतं का?"

"माझं बोलणं हिच्या तोंडात गेलं तर दार उघडणार नाही. तुमचं बोलणं तिला द्या. बाकीचं सगळं मी करते."

म्हातारी पुष्कळ बोलली, रागावली, एकदा तर चमचा फेकून मारला. नेम चुकला आणि चमचा मांजराला लागला. पण सेव्हरीन बधली नाही. कोर्लईची बाई वर्षानुवर्षं मुकी राहिली, असं गावात कुणाला सांगितलं असतं तर माशाच्या पायांवर विश्वास ठेवणाऱ्यांनीसुद्धा ठेवला नसता. इनेसला हवं-नको ती हातानं विचारायची. इनेस तिला हाक मारायची नाही, अ‍ॅप्रन ओढायची. आणि पोर चालायला लागली तेव्हा सेव्हरीननं दोनाकडून तिला एक वाक्य पाठ करून घेतलं. दाराशी कोणी विचारलं की ही बाई कोण, तर सांगायचं, आमच्याकडे काम करते. लाल दिव्याच्या बाईची पोर, असा संशय कुणाला यायला नको. पोर प्रत्येक दाराशी ते वाक्य म्हणायची आणि भुवया उडवून आईकडे बघायची. बरोबर म्हटलं ना? सेव्हरीन मान हलवायची. दिवा हिरवा.

एकच गोष्ट तिनं सोडली नव्हती. रोज सकाळी पोरीला पायांवर घेऊन तेल चोळताना, आणि पुढे मोठी झाल्यावर न्हाऊ घालताना, ती गुणगुणायची. कोर्लईच्या बायका लेकरांना न्हाऊ घालताना गुणगुणतात तसं. नाकातून निघणारा एक लांब ऊं, मग तो उघडत जाऊन आं, मग पुन्हा मिटत ऊं. आईनं तिला न्हाऊ घालताना म्हटलेलं, आजीनं आईला. इनेस दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि पाणी अंगावर पडलं की तसंच उलट गुणगुणायची. त्यात शब्द एकही नव्हता. शब्द नाही म्हणजे ते बोलणं नाही, असं सेव्हरीन धरून चालली.

इनेस सात वर्षांची झाली त्या हिवाळ्यात बेंतू सेव्हरीनबरोबर भाजी चिरता चिरता म्हणाला, "नवा कानखजुरा आलाय. ऐकलंस?"

"जुना काय कमी होता?"

"हा नुसता आपला-परका बघत नाही. कुणाच्या मांडीवर शिकलास ते सांगतो. बाहेरची माणसं पोरं आत सोडतात आणि मग आई म्हणून मागून येतात, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून आता रक्त बघायचं नाही, काही बघायचं नाही. पोराच्या तोंडात ज्याचे स्वर, तोच पालक."

सेव्हरीनच्या हातातली सुरी थांबली. "आणि आईचे स्वर सापडले तर?"

"तर पोर तिचं. पण मग पोरही परकं. दोघंही बाहेर, कायमची." बेंतूनं तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढे विनोद सुचला नाही. "दोना ठणठणीत आहे ना? घरचं मोठं माणूस गेलं की घरातल्या सगळ्यांना पुन्हा तपासतात, म्हणून विचारलं."

दोना ठणठणीत होती. तरी सेव्हरीन तिच्या तोंडाशी हात धरून श्वास बघायला लागली. पंच्याण्णव वर्षांच्या बाईला तिनं जिवंत राहायची अशी काही सक्ती केली, की म्हातारी म्हणाली, "अगं, मला मरायची चोरी झालीय." पण मरण काही कुणाला विचारून येत नाही. एका सकाळी दोना कॉफीचा कप तोंडाला लावून बसली ती तशीच बसून राहिली.

पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

भिंतीतल्या दाराशेजारी एक पांढरी खोली होती, मधोमध काच. काचेच्या एका बाजूला इनेस उंच खुर्चीवर, पाय लोंबकळत. दुसऱ्या बाजूला सेव्हरीन, आणि तिच्याशेजारी तपासनीस, सेन्योरा ताव्हारेश. बाई वाईट नव्हती. तिनं इनेसला बिस्किट दिलं होतं, सेव्हरीनला खुर्ची. छताला नवा कानखजुरा. हा जुन्यापेक्षा लांब होता आणि सेव्हरीनला उगाचच वाटलं, की तो आत्ताच जागा बदलून थोडा पुढे सरकलाय. भिंतीवरच्या पडद्यावर दोनाचे जुने ठिपके दाखवले होते, हळद सांडावी तसे पिवळे.

"तुझं नाव काय?" ताव्हारेशनं काचेपलीकडे विचारलं.

"इनेस." पडद्यावर निळे ठिपके पडले. थेट हळदीत.

"तुला बोलायला कुणी शिकवलं, इनेस?"

"दोना ग्रासिंदांनी. त्या रेडिओवर होत्या. मला कविता पण येतात." निळे ठिपके हळदीत असे मिसळत गेले की वेगळे दिसेनात.

"आणि या बाई कोण?"

इनेसनं आईकडे बघितलं. खोली नवी होती, पण दार होतं, दिवा होता आणि प्रश्न नेहमीचाच. तिनं पाठ ताठ केली आणि सुंदर, स्वच्छ, इस्त्रीच्या आवाजात सांगितलं, "त्या आमच्याकडे काम करतात."

आणि भुवया उडवल्या. बरोबर म्हटलं ना?

सेव्हरीनची मान हलली. इतक्या वर्षांची सवय, ती हलून गेली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं ते.

"तुम्हीही मान्य करताय, हे बरं झालं," ताव्हारेश म्हणाली. "पुष्कळ जण इथे फार रडतात."

"मी आई आहे तिची."

तिचे लाल ठिपके पडद्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात पडले.

"जन्म दिला असेल. यंत्र ते विचारत नाही." ताव्हारेशनं पडद्याकडे हात केला. "बघा ना, हिच्या तोंडात तुम्ही कुठेच नाही. पण मुलीचं वाईट होणार नाही. म्हातारीचं घर तिला मिळेल, मोठी होईपर्यंत ती बालभवनात राहील. शाळा, डॉक्टर, सगळं."

"मला भेटता येईल?"

"नाही. परके स्वर कानावर पडले की मुलांचे बिघडतात."

हे ती अशा आवाजात बोलली, जसं कोणी सांगावं की उन्हात ठेवलेलं दूध नासतं.

सेव्हरीननं खाली बघितलं. बाहेर तिच्याजवळ काय होतं? कोर्लईत समुद्र अर्ध्या गल्लीपर्यंत चढला होता. भरतीला चुलीत पाणी येई आणि प्यायचं पाणी डोंगरावरून आणावं लागे. ज्यासाठी इतकी वर्षं जीभ बांधून ठेवली ते सगळं पोरीला मिळालं होतं. दिवा हिरवा होता. आता फक्त गप्प बसायचं, आणि गप्प बसण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

"सापडले तर?" तिनं विचारलं. "माझे स्वर तिच्यात सापडले तर?"

ताव्हारेशनं तिच्याकडे नीट बघितलं. "तर ती तुमच्याबरोबर या पलीकडच्या दारानं बाहेर जाईल. पण लाल दिवा एकदा लागला की पुन्हा हिरवा होत नाही, बाई. कुठल्याच दारावर. माझं ऐका, शोधू नका."

तेवढ्यात काचेपलीकडचं दार उघडून बालभवनाच्या दोन बायका आत आल्या. स्वच्छ, हसऱ्या. त्यांच्या हातात इनेसच्या मापाचा कोट होता. एकीनं कोट पसरून धरला. इनेसनं तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, खुर्चीवरून उतरली आणि दोन्ही हात वर केले.

कोट घालायला कोणी हात वर करत नाही. न्हायला करतात.

पोर घाबरली होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण काहीतरी वरून अंगावर पडणार आहे एवढं कळलं होतं, आणि अंगावर काही पडायच्या आधी जे करायचं ते तिनं केलं. हात वर करून, डोळे मिटून ती उभी राहिली. वाट बघत.

तोंडून आपोआप निघालं, असं सेव्हरीननं पुढे कधीही म्हटलं नाही. तिनं विचार केला, भ्यायली, पोरीच्या वर केलेल्या हातांकडे बघितलं, आणि ठरवून तोंड उघडलं.

ऊं, आं, ऊं.

काचेपलीकडे आवाज पोचायला क्षणभर लागला. इनेसचे डोळे मिटलेलेच होते. तिचा चेहरा सैल झाला आणि पाणी अंगावर पडल्यासारखी ती उलट गुणगुणली.

पडद्यावर निळे ठिपके पडले. हळदीत नाही. ते पडद्याच्या दुसऱ्या टोकाला, लाल ठिपक्यांच्या मांडीवर जाऊन बसले.

ताव्हारेशनं पडद्याकडे बघितलं, मग सेव्हरीनकडे. "हे तर शब्दसुद्धा नाहीत," ती पुटपुटली.

"नाहीत," सेव्हरीन म्हणाली. "पण हा शब्द ऐकतोय कुठे?"

इनेसच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला. तिनं डोळे उघडले. जन्मात तिच्यासाठी लाल दिवा लागला नव्हता. तिनं दिव्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. या वेळी भुवया उडवल्या नाहीत. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. कोटवाल्या बायका दोन पावलं मागे सरकल्या, आणि बाहेरचं दार आवाज न करता उघडलं.

बेंतूनं त्यांना बोटीवर बसवून दिलं. "आपल्याकडचे लोक विचारतील, काय आणलंस तिकडून," तो म्हणाला. "सांग, एक रेडिओ आणलाय, पण बंद आहे." विनोद बरा होता, पण त्याचेच डोळे भरून आले.

रेडिओ खरंच बंद होता. बोटीवर इनेस बोलली नाही, कोर्लईत उतरल्यावरही बोलली नाही. सेव्हरीन मात्र बोलत सुटली. सात वर्षांचं तुंबलेलं बोलणं ते. शेजारणी म्हणायच्या, हिच्या बडबडीनं भरतीचं पाणी चार हात मागे सरतं. इनेस ऐकायची. कुठल्याही दारातून जायच्या आधी वर बघायची, तोंडावर हात ठेवायची, मग उंबरा ओलांडायची.

पावसाळा संपताना गावच्या शाळेत एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात ड्रिल. शाळेच्या दारावर त्यानं काहीतरी काळं, लांब बसवलं. "काही नाही हो, हजेरीसाठी," तो मास्तरांना म्हणाला. "पोरांनी नुसतं हजर म्हणायचं. आवाजावरून कळतं कोण ते."

त्या दिवशी इनेस शाळेच्या फाटकातूनच परत आली. सेव्हरीन मासळी निवडत होती. पोर तिच्या जवळ येऊन बसली, अंगणभर नजर फिरवली आणि इतक्या हळू बोलली की तोंडातला वाराही हलला नाही. इतक्या दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं.

"माय, इथे मला कुठला दिवा लागेल?"

सेव्हरीननं मासळी बाजूला ठेवली. तिनं हात धुतले, पाणी तापवलं, मोरीत पाट मांडला, तेलाची वाटी घेतली. इनेसनं हात वर केले. सेव्हरीन गुणगुणायला लागली. इनेसनं आधी आढ्याकडे बघितलं, मग दाराच्या चौकटीकडे. मग ओल्या पावलांनी जाऊन खिडकी लावून घेतली, कडी घातली, परत येऊन उभी राहिली, आणि तेव्हा कुठे, ओठ जेमतेम उघडून, तिनं आईला साथ दिली.

बाहेर कुंपणावर कोंबडा आरवला. चांगला मोठ्यानं, गळा काढून. त्याला अजून कुणी तपासलं नव्हतं.